आजोबांची शिकारी रायफल ठेवायची की द्यायची? या चुका टाळा

1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हळूहळू बंद झाली, पण रायफली जुन्या वाड्यांत राहिल्या. कुठे इशापूर कारखान्याची 315 बोअर (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या भोकाचे माप), कुठे विलायती दुनळी रायफल. ती ठेवायची की नाही हे बहुतेक जण तिच्या दिसण्यावरून ठरवतात, आणि तिथेच फसतात.

पहिली चूक कागदाची. परवाना माणसाच्या नावावर असतो, हत्यारामागून वारसाकडे येत नाही. परवानाधारक वारले की रायफल आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. मग इतर वारसांची संमती जोडून अर्ज करा. वडील हयात असतील तर त्यांना सत्तरी ओलांडल्यावर किंवा हत्यार 25 वर्षे बाळगल्यावर वारसाच्या नावे अर्ज करता येतो. शस्त्र कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीने मर्यादा माणशी दोन हत्यारांवर आली, वारशाचे हत्यारही त्यातच धरतात.

दुसरी चूक म्हणजे आधी पॉलिश पेपर मारणे. त्याने नळीवरचे शिक्के पुसतात आणि किंमत पडते. रायफल रिकामी आहे याची खात्री करा, बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा) काढा आणि मागच्या बाजूने नळीतून उजेडाकडे पाहा. आटे, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचा, धारदार दिसले तर उत्तम. काळे खड्डे दिसले तर तो जुन्या काडतुसांच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीतल्या क्षारांचा प्रताप. हे क्षार हवेतली ओल ओढतात, तेलाने जात नाहीत. म्हणून जुने शिकारी नळी आधी गरम पाण्याने धूत, मग तेल लावत. थोडे खड्डे चालतात. तोंडाकडचे आटे झिजले असतील तर नेम लागायचा नाही.

गोळ्या विखुरतात म्हणून लगेच नळीला दोष देऊ नका. दस्त्याचे (रायफलीच्या लाकडी भागाचे) स्क्रू सैल असतील, किंवा पावसाळ्यात फुगलेले लाकूड नळीला टेकत असेल. हे दुरुस्त होते. मुठीपाशी चीर असेल तर मात्र जाणकार कारागिराला दाखवल्याशिवाय एकही गोळी झाडू नका.

सर्वांत धोक्याची चूक म्हणजे बसते ते काडतूस घालणे. नळीवर कोरलेलाच बोअर हवा. झाडलेल्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीवर बुडाशी चकचकीत कडे किंवा चीर दिसली तर तिथेच थांबा. 315ची काडतुसे खडकीच्या कारखान्यात बनत आली आहेत. विलायती दुनळीच्या काडतुसांसाठी मात्र वणवण होते. अशी रायफल वापरायला म्हणून ठेवू नका, परवानाधारक विक्रेत्यामार्फत संग्राहकाला द्या.

आणि ठेवणार असाल तर चामडी पेटीत ठेवू नका. कोकणातल्या एका पावसाळ्यात गंज चढतो.