पळायचं की थांबायचं? मधमाशी, विंचू, पाणघोडा आणि छोटा ऑक्टोपस

मधमाशांपासून सुरू करतो कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. पोळं उठलं की पळायचं, सरळ पळायचं, आणि घर किंवा बंद गाडी मिळेपर्यंत थांबायचं नाही. उभं राहून हात झटकत बसू नका, डंख मारलेल्या किंवा चिरडलेल्या माशीतून पिकलेल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि त्या वासावर बाकीच्या अजून चवताळून येतात. पळतानाच शर्ट, ओढणी, जे असेल ते तोंडावर ओढून घ्या, फक्त पुढचं दिसलं पाहिजे. पाण्यात उडी तर मारूच नका, त्या वर घिरट्या घालत राहतात आणि तुम्ही श्वासाला डोकं वर काढलं की परत सुरू. दोन-चार माशा गाडीत आल्या तरी दार लावून घ्या, बाहेरच्या हजारांपेक्षा त्या परवडल्या.

आत गेल्या गेल्या काटे काढा. मधमाशीचा काटा आकडेदार असतो, तो विषाच्या पिशवीसकट कातडीतच राहतो आणि माशी गेल्यावरही विष सोडत राहतो. नखाने खरवडा नाहीतर चिमटीने ओढा, पटकन निघाला पाहिजे एवढंच. गांधीलमाशी काटा सोडत नाही, एकच माशी चार वेळा डंख मारते. आणि प्लीज हे लक्षात ठेवा, ओठ-जीभ सुजली, अंगावर गांधी उठल्या, दम लागला, चक्कर आली तर एका डंखानेही जीव जाऊ शकतो, अशा वेळी एपिनेफ्रिनचं (जोरदार अ‍ॅलर्जीवरच्या औषधाचं) इंजेक्शन जवळ असेल तर लगेच मांडीत द्यायचं आणि अँब्युलन्स बोलवायची.

विंचवाचं सोपंय. बूट झटकून घाला, रात्री अल्ट्राव्हायोलेट टॉर्च फिरवा, विंचू त्यात हिरवट-निळा चमकतो, लगेच दिसतो. कोळी बहुतेक निरुपद्रवीच. ऑस्ट्रेलियातला सिडनी फनेल-वेब मात्र खरा जीवघेणा. तो चावला तर चावलेला हात किंवा पाय पूर्ण घट्ट बँडेजने गुंडाळा, हलवू नका, हॉस्पिटल गाठा. त्यावरचं औषध 1981 मध्ये आलं.

आता मोठे प्राणी. आफ्रिकेतला पाणघोडा गवत खातो म्हणून लोक बिनधास्त जवळ जातात, पण तो दीड टनाचा असून ताशी 30 किमीच्या आसपास धावतो. त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये कधीच येऊ नका, खासकरून पहाटे, तेव्हा तो चरून परत येत असतो. कॅसोवरी, म्हणजे न उडणारा मोठा पक्षी, दिसला तर पळू नका, तोंड त्याच्याकडेच ठेवून, बॅग पुढे धरून हळूहळू मागे सरका, पायाच्या आतल्या बोटाची नखी 12 सेंमीपर्यंत असते. 2019 मध्ये फ्लोरिडात पाळलेल्या कॅसोवरीने मालकालाच मारलं. त्याला खायला तर घालूच नका. मूसचं, म्हणजे त्या भल्यामोठ्या हरणाचं, उलटं, त्याने कान मागे पाडले, मानेवरचे केस उभे केले की पळा आणि जाड झाडाआड व्हा.

शेवटचं समुद्रकिनाऱ्याचं. सुंदर शंख दिसला की उचलायची सवय सोडा, कोन स्नेल, म्हणजे विषारी समुद्री गोगलगाय, आत जिवंत असेल तर डंख मारतो आणि त्याच्या विषावर उतारा नाही. निळ्या कड्यांच्या छोट्या ऑक्टोपसच्या विषावरही नाही. तो चावला तर श्वासाचे स्नायू बंद पडतात, पण मदत येईपर्यंत कोणी तोंडाने श्वास देत राहिलं तर माणूस वाचू शकतो, तेव्हा थांबू नका. तो हलत नसला तरी शुद्धीत असू शकतो, सगळं ऐकत असतो, त्याच्याशी बोलत राहा.