मुंबई–नागपूर विमानाचं अंतर आणि वेळ घरी कसा काढायचा

समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे, म्हणून विमानही साधारण तेवढंच अंतर कापत असेल, असं बरेच जण धरून चालतात. विमानाचं अंतर मात्र विमानतळ ते विमानतळ सरळ मोजतात, आणि कॅल्क्युलेटर असेल तर ते पाच मिनिटांत निघतं.

आधी विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या, शहरांचे नकोत. मुंबई 19.09 आणि 72.87, नागपूर (सोनेगाव) 21.09 आणि 79.05. फरक आला 2.00 आणि 6.18 अंश. अक्षांशाचा एक अंश कुठेही 111 किलोमीटर, म्हणजे 222. रेखांशाचा अंश उत्तरेकडे आखूड होत जातो, म्हणून 111 ला मधल्या अक्षांशाच्या (20.09) कोसाइनने, म्हणजे 0.94 ने गुणा. 104 येतात, आणि 6.18 गुणिले 104 म्हणजे 643. आता 222 आणि 643 यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा: 680 किलोमीटर.

चूक बहुतेक वेळा अंशाच्या मिनिटांत होते. 72 अंश 52 मिनिटं म्हणजे 72.87, कारण 52 ला 60 ने भागायचं असतं. सरळ 72.52 लिहिलंत की अंतर तीस-पस्तीस किलोमीटरने फुगलंच. शिवाय ही रीत हजारेक किलोमीटरपर्यंतच वापरा. मुंबई–लंडनला ती खऱ्या 7,200 च्या जागी साडेसात हजार दाखवते, कारण तिथे पृथ्वीची गोलाई आडवी येते.

आता वेळ. 680 ला ताशी 800 ने भागलं की 51 मिनिटं येतात, पण तेवढ्यात कोणी पोचत नाही. चढताना-उतरताना वेग कमी असतो, जमिनीवर टॅक्सीत, म्हणजे विमान जागेवरून धावपट्टीपर्यंत आणि धावपट्टीवरून जागेपर्यंत चालवत नेण्यात, वेळ जातो. त्यासाठी 35 ते 45 मिनिटं धरा. तिकिटावर दीड तासाच्या आसपास दिसतो तो यामुळेच: तो जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा वेळ असतो, नुसता हवेतला नव्हे. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, तेव्हा नागपूरला जाताना मिनिटं वाचतात आणि येताना तीच मोजावी लागतात.

मुंबईत उतरताना घिरट्या का घालाव्या लागतात? दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. पावसाळ्यात तर परतीच्या विमानानंतर लगेचची गाडी पकडायचा बेत करूच नका, किमान दोन तास मोकळे ठेवा.

घरून निघायची वेळ उलटी मोजा. देशांतर्गत विमानाचं सामान साधारण 60 मिनिटं आधी घ्यायचं थांबवतात, गेट 25 मिनिटं आधी बंद होतं. त्याआधी सुरक्षा तपासणीची रांग असते आणि त्याही आधी रस्ता. सकाळी 8 च्या विमानासाठी साडेसहाला विमानतळाच्या दारात असाल तर बरं. निघण्यापूर्वी तिकिटावरचा विमानतळाचा तीन अक्षरी कोड आणि टर्मिनल मात्र नक्की वाचा. उलव्याचा नवी मुंबई विमानतळ वेगळा, सहारचा वेगळा, आणि चुकीच्या ठिकाणी गेलात तर खाडी ओलांडून यावं लागेल.