तिखट घालण्याआधी बाळाची वाटी काढा

बाळाच्या आहाराबद्दलचे बहुतेक सल्ले घरातला फ्रीज भरलेला आहे असं धरूनच दिलेले असतात. बदाम, पनीर, सात रंगांची थाळी. इथं आपण ज्या घराबद्दल बोलतोय, तिथं मजुरी बाजाराच्या दिवशी हातात पडते आणि पुढच्या बाजाराआधीचे दोन दिवस चटणी-भाकरीवर निघतात. बाळ सहा महिन्यांपुढचं, दोन वर्षांच्या आतलं आहे आणि अंगावर पितंय. स्वच्छतेचं मी सांगत बसत नाही.

हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेने आठ गट केलेत: आईचं दूध; धान्य आणि कंद; डाळी-शेंगदाणे-तीळ; दूध-दही; मांस-मासे; अंडी; पालेभाज्या आणि केशरी फळं-भाज्या; उरलेली फळं-भाज्या. दिवसभरात यातले किमान पाच पोटात जायला हवेत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात या वयाच्या जेमतेम 11 टक्के मुलांना पुरेसा आहार मिळत होता, तेव्हा हे फक्त गरिबाघरचं दुखणं नव्हे.

रेशन. बाळाचं नाव कार्डावर लगेच चढवा. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी महिना 5 किलो धान्य मिळतं आणि त्यात तान्हं मूलही माणूसच धरतात. पण रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळच येतात. पैसे संपले की ताटात धान्यच उरतं, ते यामुळे.

बाजार. आधी डाळ, मग शेंगदाणे, मग तेल. तूर परवडत नसेल तर मसूर, मटकी, हुलगा, काहीही चालेल. रोजचा पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा आठवड्याला 35 रुपये खातो. तेवढ्यात चारेक अंडी येतात.

वाटी काढणं. इथं बहुतेक घरं अडतात, आणि मलाही सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथंच. घरात डाळ शिजते, भाजी शिजते, तरी बाळाच्या तोंडात काय जातं, तर चहात बुडवलेली भाकरी. कारण सोपं आहे. हात आखडला की कोरड्यास, म्हणजे भाकरीसोबतचं कालवण, पातळ होतं आणि तिखट वाढतं. झणझणीत रश्श्याच्या घोटाबरोबर भाकरी उतरते. मोठ्यांचं भागतं. बाळ मात्र त्या पातेल्यातून बाहेर पडतं.

‘बाळासाठी वेगळं शिजवा’ हा सल्ला देणाऱ्याने एकदा एका चुलीवर, मोजक्या सरपणात, कामावर जायच्या घाईत शिजवून दाखवावं. वेगळं काही शिजवायचं नाही. फक्त क्रम बदलायचा.

डाळ शिजत आली की त्यातच मूठभर पाला चिरून टाका: शेवगा, तांदुळजा, चवळई, पावसाळ्यात बांधावरचा कोवळा टाकळा. शेवग्याच्या पाल्याला पैसे पडत नाहीत. डाळ घट्ट असतानाच बाळाची वाटी काढा. पाणी त्यानंतर घाला. भाजीचंही तसंच: तेल, कांदा, लसूण, हळद, वांगं किंवा दुधी, शिजली की दोन चमचे बाजूला.

आता घरचे म्हणणार, भाजी सपक झाली. वरून कच्चं तिखट भुरभुरवू नका, खरवट लागतं आणि दुसऱ्या दिवसापासून सासूबाई जुन्याच पद्धतीवर येतात. पळीत चमचाभर तेल तापवा, पळी विस्तवावरून काढा, मग तिखट घाला आणि भाजीवर ओता. विस्तवावर असतानाच घातलंत तर तिखट जळेल आणि अख्खं घर खोकेल. अशा तर्रीवर तक्रार येत नाही.

काढलेल्या वाटीत भाकरी किंवा भात कुस्करा, चमचाभर शेंगदाण्याचं कूट आणि थोडं तेल घाला. अख्खा शेंगदाणा कधीच नको, घशात अडकतो. मोजा: अंगावरचं दूध, भाकरी, डाळ, पाला, वांगं. झाले पाच. अंडं मिळालं तर सहावा. आदिवासी भागात अमृत आहार योजनेत अंगणवाडीतून मुलांना अंडी किंवा केळी मिळतात, ती सोडू नका.

घट्टपणा. चमचा तिरका केला तरी घास चटकन ओघळू नये. वरणाचं वरचं पाणी पाजा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, मग ती कितीही अनुभवी आजी असो. त्यात डाळ नसते, आणि बाळाचं एवढंसं पोट पाण्यानेच भरतं.

बाजाराआधीचे दोन दिवस. हप्त्याच्या सुरुवातीलाच मूगडाळ, ज्वारी किंवा तांदूळ आणि शेंगदाणे वेगवेगळे भाजून भरड काढा आणि एका डब्यात ठेवा. हा डबा फक्त बाळाचा. भरड पाण्यात घट्ट शिजवायची, हाताशी असेल तो पाला टाकायचा. अंगणवाडीतून बाळासाठी मिळणारं आहाराचं पाकीटही याच डब्याशेजारी ठेवा. उघड्यावर राहिलं तर घरभर वाटलं जातं.

पाला थुंकला म्हणून सोडू नका. आठ-दहा वेळा पुढे करावा लागतो. सकाळचं उरलेलं उन्हाळ्यात संध्याकाळी देऊ नका.

दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरच्या खाली असेल, पायावर सूज असेल किंवा बाळ खायचंच बंद झालं असेल, तर वाटीचे प्रयोग थांबवून त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.