जुन्या वाड्यावर लिहिताना उसनवारी कशी टाळाल

तीन स्मरणिकांत वाड्याचं एकच साल सापडलं म्हणजे तीन पुरावे झाले नाहीत. बहुतेकदा दोघांनी तिसऱ्याचं उतरवलेलं असतं, चुकीसकट. म्हणून आधी वाड्यावर जा. चौकटीवर ‘शके १७९०’ कोरलेलं असेल तर ७८ मिळवा: १८६८. माघ-फाल्गुनातली तिथी असेल तर ७९. पण हे साल चौकटीचं. मागची माडी जुनी असू शकते. तेव्हा ‘वाडा १८६८चा’ नको, ‘चौकटीवर शके १७९० आहे’ एवढंच लिहा.

‘मालगुजारी वाडा’ हा शब्दही जपून. नागपूर, वर्धा, भंडारा, चांद्याकडे (आताचं चंद्रपूर) मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार गोळा करून सरकारात भरायचा; ती १९५१मध्ये संपली. वऱ्हाडात, म्हणजे अकोल्याकडे, रयतवारी (शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा), तिथले वाडे देशमुख-पाटलांचे. वर्ध्याच्या लेखातला परिच्छेद अकोल्याच्या वाड्याला चिकटवणारा इथंच पकडला जातो.

१९०६चं वर्धा गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) स्वामित्वहक्कातून मोकळं आहे, तरी नाव आणि पान द्यायचंच. नुसते शब्द फिरवून भागत नाही. वाक्यांचा क्रम तोच राहिला की ती उचलच. उतारा वाचा, पुस्तक मिटा, मग लिहा. आजीनं ओसरीवर सांगितलेलं ‘घरात असं सांगतात’ म्हणूनच, तारीख टाकून. फोटोला मात्र सहसा काढणाऱ्याची परवानगी लागते, नुसती घरमालकाची पुरत नाही.