गरम झाल्यावरच दगा देणारा कंडेन्सर

'सकाळी झटक्यात स्टार्ट होते, कसारा घाट चढून आली की मिस मारते, अर्धा तास थांबलं की पुन्हा चालते.' जुन्या मोटारींचं काम नाशिकमध्ये शिकायचं असेल, तर उन्हाळ्यात ही तक्रार ऐकावीच लागते. अशा वेळी इग्निशनचा कंडेन्सर (स्पार्कच्या सर्किटमधला, वीज साठवणारा छोटा भाग) थंड असताना तपासून काहीच कळत नाही.

सीबी पॉइंटला (कॉन्टॅक्ट ब्रेकर, म्हणजे कॉइलचा प्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच) समांतर जोडलेला हा भाग साधारण ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरडचा. पॉइंट उघडताच कॉइलच्या प्रायमरीत (पहिल्या गुंडाळीत) दोन-तीनशे व्होल्टचा झटका उठतो. तो कंडेन्सरनं झेलला तरच प्लगला कडक स्पार्क मिळतो. जुन्या कंडेन्सरमध्ये फॉइलच्या पट्ट्यांमध्ये मेणात मुरवलेला कागद असतो. ६० अंशांच्या आसपास मेण मऊ पडतं, आणि इगतपुरीकडच्या पावसातली ओल कागदात शिरली असेल तर आणखी वाईट. इन्सुलेशनचा रोध दर १० अंशांना ढोबळमानानं निम्मा होतो. म्हणजे २५ अंशांना ५० मेगओहम दाखवणारा नग ८५ अंशांना एकाच्याही खाली येतो. तेवढ्यानं इंजिन लगेच बंद पडत नाही, पण कागद कमजोर झालाय हे नक्की.

गाडी गरम असताना, अडखळत असेल तेव्हाच डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून पॉइंट उघडताना बघा. जाड, पिवळट ठिणगी दिसली तर संशय कंडेन्सरवर. पॉइंट स्वच्छ आणि कार्ब्युरेटर कोरडा असेल, तर पेट्रोल लाइनमध्ये वाफ अडकली असेल. खात्रीसाठी जुन्याची वायर सोडून चांगला कंडेन्सर बाहेरून जोडा. जुना तसाच जोडलेला राहिला तर चाचणी फुकट.

बाकावर तपासताना नग ७० ते ८० अंशांना अर्धा तास ठेवा आणि गरम असतानाच मेगर (जास्त व्होल्टेजवर इन्सुलेशनचा रोध मोजणारं मीटर) लावा, आधी २५० व्होल्ट, मग ५००. साधा मल्टिमीटर फक्त कपॅसिटी सांगतो. गळती त्यावर दिसत नाही. मेगर काढल्यावर दोन्ही टोकं शॉर्ट करून चार्ज उतरवा.

बदली म्हणून ०.२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्ट, १०५ अंशांचा पॉलीप्रॉपिलीन कंडेन्सर घ्या. एक्झॉस्टपासून लांब बसवा आणि अर्थिंगच्या जागेचा रंग खरवडा.

मॅग्नेटोत (चुंबकाच्या जोरावर स्वतःच स्पार्कची वीज तयार करणाऱ्या यंत्रात) मात्र घाई नको. काहींत अभ्रकाचा कंडेन्सर असतो आणि तो उष्णता छान सोसतो. गळती सापडल्याशिवाय तो काढू नका. आर्मेचर (आतला गुंडाळीचा फिरता भाग) बाहेर काढायचंच झालं तर आधी चुंबकाच्या टोकांवर लोखंडी पट्टी ठेवा, नाहीतर घोड्याच्या नालेसारख्या जुन्या चुंबकाची ताकद उतरते.