ॲल्युमिनियमच्या रोलिंगवर प्रोजेक्ट करताय? आधी बाण काढा

मेटलर्जीच्या प्रोजेक्टला ॲल्युमिनियमचं कोल्ड रोलिंग (पत्रा न तापवता रोलरमधून दाबून पातळ करणं) मिळालं असेल तर सगळ्यात आधी मार्कर घ्या आणि पत्र्यावर रोलिंगच्या दिशेचा बाण काढा. तुकडे कापून झाल्यावर आडवं कुठलं नि उभं कुठलं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. आणि इथे सगळा खेळ दिशेचाच.

४ मिमीचा पत्रा १ मिमीवर आणला, म्हणजे जाडीत ७५ टक्के घट, म्हणजेच रिडक्शन. रुंदी जवळपास वाढत नाही, त्यामुळे ग्रेन, म्हणजे धातूतला बारीक स्फटिक, चेपला जातो तो लांबीतच पसरतो. हिशेबाने ४० मायक्रॉनचा गोलसर ग्रेन १० मायक्रॉन जाड आणि १६० मायक्रॉन लांब होतो. पत्र्याच्या वरच्या पृष्ठभागावर हा चपटेपणा दिसणारच नाही, कारण तिथे जाडी नसते. बाणाला समांतर उभा छेद घेतलात, की खारीचे पापुद्रे असावेत तसे थर सगळ्यात ठळक दिसतात.

एचिंगला, म्हणजे ग्रेन दिसावेत म्हणून पॉलिश केलेल्या पृष्ठभागावर रसायनाची प्रक्रिया करायला, सगळे केलरचं द्रावण (ॲसिडांचं मिश्रण) उचलतात. २०२४ क्रमांकाच्या, तांबं असलेल्या मिश्रधातूला ते चालतं; १०५० क्रमांकाच्या जवळपास शुद्ध ॲल्युमिनियमवर ग्रेनच्या सीमा धड उठत नाहीत. तिथे बार्करची पद्धत: पाण्यात थोडं फ्लुओबोरिक ॲसिड, २० व्होल्टच्या आसपास डीसी, सॅम्पल ॲनोडला, मिनिटभर. मग साध्या मायक्रोस्कोपखाली पोलराइज्ड प्रकाशात स्टेज हळूहळू फिरवा. आत्ता काळा असलेला ग्रेन उजळतो, शेजारचा काळवंडतो. (केलरमध्ये हायड्रोफ्लुओरिक ॲसिड असतं. ते लागलेलं लगेच कळेलच असं नाही. फ्यूम हूड आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेलशिवाय बाटली उघडू नका.)

डिस्लोकेशन (स्फटिकातल्या अणूंच्या रांगांमधले दोष) मात्र या मायक्रोस्कोपखाली शोधत बसू नका. त्यांची वाढ हार्डनेसच्या (कठीणपणाच्या) आकड्यांतून कळते. ईबीएसडीची (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने ग्रेनची दिशा मोजण्याची पद्धत) घाईही नको. आधी साधे फोटो आणि हार्डनेस जुळवा.

आता ॲनिलिंग, म्हणजे रोल केलेला धातू तापवून पुन्हा मऊ करणं. ७५ टक्क्यांचा तुकडा ३५० अंश सेल्सिअसवर तासभर ठेवला की साधारणपणे नवे, बारीक, गोलसर ग्रेन येतात. गाइडने सांगितलं नसलं तरी जेमतेम ५-१० टक्के रोल केलेला एक तुकडाही त्याच भट्टीत टाका. कमी ताणामुळे नवे ग्रेन मोजक्याच ठिकाणी उगवतात आणि जागा मोकळी असल्याने दांडगे वाढतात. असा पत्रा पुढे ओढून आकार दिला की पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. व्हायवाला यावर हमखास प्रश्न येतो.