फोनचा आवाज तुटतो तेव्हा आधी अपलोड बघा

नेटवर्क सपोर्टच्या पहिल्याच नोकरीत ऑफिसचे इंटरनेट फोन माझ्याकडे आले. पंचवीस माणसं, 100 एमबीपीएसची लाइन, नवे कोरे आयपी फोन. स्पीड टेस्ट झकास यायची, आणि तरीही रोज दुपारी चारच्या सुमाराला आवाज तुटल्याच्या तक्रारी सुरू व्हायच्या. मी लाइनचा वेग वाढवून घेतला. काडीचाही फरक पडला नाही.

मग कागदावर हिशेब मांडला, जो मी पहिल्या दिवशीच मांडायला हवा होता. जी.711 या नेहमीच्या कोडेकमध्ये (आवाजाचा डेटा करण्याची पद्धत) दर 20 मिलिसेकंदांना एक पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) निघतं, म्हणजे सेकंदाला 50. प्रत्येकात आवाजाचे 160 बाइट आणि हेडरचे (पत्ता वगैरे माहितीचे) 40. इथरनेट धरून एका दिशेला साधारण 87 केबीपीएस. दहा जण एकदम बोलत असले तरी 1 एमबीपीएससुद्धा भरत नाही. म्हणजे प्रश्न वेगाचा नव्हताच. फाइलचं पॅकेट अर्धा सेकंद उशिरा पोचलं तर कुणाला कळत नाही. आवाजाचं पॅकेट तेवढं रखडलं तर ते फोनला फेकूनच द्यावं लागतं.

तक्रार नीट ऐकल्यावर धागा सापडला. सगळे एकच सांगत होते: 'मला त्यांचं नीट ऐकू येतं, पण माझा आवाज त्यांना तुटक जातो.' म्हणजे बिघाड बाहेर जाणाऱ्या बाजूला. आमचं अपलोड जेमतेम 10 एमबीपीएस होतं, आणि मी वाढवला होता तो फक्त डाउनलोडचा वेग. चार वाजता पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी, लावून बसलो. 18, 19, 18 मिलिसेकंद चालू होतं, ते बघता बघता 400च्या वर गेलं. त्याच वेळी एका संगणकाचा बॅकअप बाहेर जायला लागला होता. सगळं अपलोड त्यानेच व्यापलं होतं आणि आवाजाची पॅकेटं मॉडेमच्या रांगेत त्याच्या मागे उभी होती.

उपाय क्यूओएसचा, म्हणजे कोणती पॅकेटं आधी सोडायची हे ठरवण्याचा, पण त्यातली एक गोष्ट बहुतेक नवशिक्यांकडून सुटते. फोन आपल्या पॅकेटांवर डीएससीपी 46 म्हणजे ईएफ ('तातडीने पुढे पाठवा') अशी खूण करतात आणि राउटरमध्ये त्या खुणेला आपण अग्रक्रम देतो. पण रांग मॉडेममध्ये लागत असेल तर राउटरमधला अग्रक्रम काय कामाचा? म्हणून राउटरची अपलोड मर्यादा लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडी खाली ठेवायची. मी 10 ऐवजी 9 एमबीपीएस ठेवली. रांग राउटरमध्ये आली आणि तिथे पुढे कोण जाणार हे माझ्या हातात आलं. बॅकअप चालू असतानाही पिंग 30च्या आत राहिला, तो दिवस मला अजून आठवतो.

दुसरा त्रास वेगळाच होता. रिंग वाजते, कॉल उचलला जातो, पण एकाच बाजूचा आवाज येतो. असं दिसलं की आधी राउटरमधलं एसआयपी एएलजी बंद करा. एसआयपी म्हणजे कॉल जोडणाऱ्या संदेशांची पद्धत, आणि एएलजी म्हणजे ते संदेश वाचून बदलणारी राउटरमधली सोय. आवाज कोणत्या पत्त्यावर आणि पोर्टवर पाठवायचा हे एसआयपीच्या संदेशातच लिहिलेलं असतं. एएलजी मदत करायला म्हणून तो मजकूर बदलतं आणि बऱ्याचदा चुकीचा बदलतं. फर्मवेअर अपडेटनंतर ही सेटिंग पुन्हा चालू झालेली मी पाहिली आहे, तेव्हा अपडेट झालं की तपासा.

बाहेर कॉल लागतात पण येणारे कॉल अधूनमधून वाजतच नाहीत, असं असेल तर नॅटची नोंद (बाहेरून आलेलं पॅकेट आतल्या कोणत्या फोनला द्यायचं, याची राउटरमधली नोंद) पुसली जात असते. फोन ज्या यूडीपी पद्धतीने पॅकेटं पाठवतात, तिची काही वेळ न वापरलेली नोंद काही राउटर 30 सेकंदांतच काढून टाकतात. फोनचं कीप-अलाइव्ह (नोंद जिवंत ठेवायला पाठवलेलं छोटं पॅकेट) 20 ते 25 सेकंदांवर ठेवा. त्यासाठी एसआयपीचं 5060 पोर्ट सगळ्या जगाला उघडून देऊ नका. असे पोर्ट शोधणारे स्कॅनर सतत फिरत असतात आणि कुणी आत शिरलं तर परदेशी कॉलचं बिल तुमच्या माथी येतं.

फोनसाठी वेगळा व्हीलॅन (त्याच स्विचवरचं स्वतंत्र नेटवर्क) करा, आणि टेबलावरचे फोन शक्यतो वायरनेच जोडा.

अंदाजाने सेटिंग बदलत बसण्यापेक्षा वायरशार्क हे पॅकेटं पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर शिकून घ्या. स्विचवर पोर्ट मिररिंग (एका पोर्टवरच्या पॅकेटांची नक्कल दुसऱ्यावर पाठवणं) लावून कॉल पकडा आणि टेलिफोनी मेनूतलं आरटीपीचं, म्हणजे आवाजाच्या पॅकेटांचं, विश्लेषण उघडा. जिटर (पॅकेटं पोचण्याच्या वेळेतला चढउतार) 30 मिलिसेकंदांच्या आत आणि पॅकेट गळती 1 टक्क्याच्या आत हवी. एका दिशेचा एकूण विलंब 150 मिलिसेकंदांच्या आत असावा, ही आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेच्या जी.114 शिफारशीतली मर्यादा. ती बरीच ओलांडली की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात.

शेवटी विजेचं बघा. फोनना वीज पीओई स्विचमधून, म्हणजे नेटवर्कच्याच वायरवरून, मिळते, म्हणून स्विच, राउटर आणि मॉडेम तिन्ही यूपीएसवर हवेत. मी एक कॉल चालू ठेवून मेन स्विच पाडून पाहिला. फोनचा दिवा तसाच राहिला, आवाज मात्र गेला. मॉडेम भिंतीच्या साध्या प्लगवर होता.